विजेच्या मोटारीचे नवे टायर : मागणीपत्रातील एक ओळ

(इस्लामपूर येथे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेले भाषण)



माहिती खात्यातील माणूस टायरवर बोलणार, हे ऐकून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. ते स्वाभाविक आहे. मी कलाशाखेचा पदवीधर. यंत्रशास्त्राशी माझा परिचय बेताचाच. परंतु एका कार्यालयात घडलेल्या लहानशा चुकीने मला हा विषय शिकविला. तीच चूक आपल्याकडे घडू नये, एवढाच या भाषणाचा हेतू.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये विद्युत वाहन धोरण जाहीर केले. त्यापाठोपाठ, शासकीय कामासाठी घ्यावयाची नवी वाहने १ जानेवारी २०२२ पासून विजेवर चालणारीच असावीत, असा निर्णय झाला. २०२५ मध्ये पुढील काळासाठी नवे धोरणही आले. राज्य मंत्रिमंडळाने त्याच वर्षी ज्याला ईश्वरपूर हे नाव देण्याचा निर्णय घेतला, त्या आपल्या या शहरातही अशा गाड्या आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. अनेक शिक्षक बंधूंनी कर्ज काढून त्या घेतल्या आहेत. सुरुवातीला घेतलेल्या गाड्यांचे मूळ टायर आता झिजत आले आहेत. म्हणूनच हा प्रश्न आजचा आहे.

आता ती चूक सांगतो. एका कार्यालयाच्या विजेच्या गाडीचे चारही टायर बदलावयाचे होते. मागणीपत्रात एकच ओळ होती : ‘मोटारीचे टायर, नग चार.’ तीन दरपत्रके आली, सर्वांत कमी दर स्वीकारला गेला, टायर बसले, देयकही मंजूर झाले. नियमाचा भंग कोठेच दिसत नव्हता. पण सांगलीला जाऊन परत येताना बॅटरीत पूर्वी जेवढा प्रभार उरत असे, तेवढा उरेनासा झाला. पावसात पेठ नाक्याजवळ ब्रेक दाबला असता गाडी थोडी सरकली. तेव्हा चालकाने वाकून टायरवरील अक्षरे वाचली. मूळ टायरवर होते २१५/६० आर १६, ९५ एच. नव्यावर होते २०५/६० आर १६, ९२ एच.

ही अक्षरे म्हणजे टायरचे ओळखपत्रच होय. २१५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या साठ टक्के. १६ हा रिमचा व्यास, इंचांत. त्यापुढील ९५ हा भारांक. तो किलोग्रॅम नव्हे, ठरावीक तक्त्यातील क्रमांक आहे. ९५ म्हणजे एका टायरला ६९० किलोग्रॅमपर्यंत भार, ९२ म्हणजे ६३० किलोग्रॅमपर्यंत. एका चाकामागे ६० किलो, म्हणजे चार चाकांमागे २४० किलोची क्षमता त्या कार्यालयाने नकळत गमावली होती. ‘एच’ हे अक्षर ताशी २१० किलोमीटर ही वेगमर्यादा दाखविते.

आणखी एक गंमत पाहा. नव्या टायरचा व्यास सुमारे बारा मिलिमीटरने कमी होता. चाक लहान झाले की तेवढ्याच अंतरात त्याचे फेरे वाढतात. त्यामुळे लॉगबुकात शंभर किलोमीटरची नोंद होई, तेव्हा गाडी प्रत्यक्षात सुमारे अठ्ठ्याण्णवच चाललेली असे. लेखापरीक्षकांना हा मुद्दा विशेष आवडेल.

साध्या गाडीला चालणारा टायर विजेच्या गाडीला का चालू नये, असे कोणी विचारील. कारणे तीन आहेत. पहिले वजन. बॅटरीमुळे त्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा ही गाडी बरीच जड असते. उभ्या गाडीला कमी भारांकाचा टायर कदाचित पेलेलही. पण ब्रेक दाबताना भार पुढच्या चाकांवर येतो, खड्ड्यात तो क्षणभर आणखी वाढतो. राखीव क्षमता असते ती त्या क्षणासाठी. दुसरे कारण जोर. इंजिनाला वेग घ्यावा लागतो तेव्हा त्याचा जोर वाढतो. विजेची मोटर पहिल्या क्षणीच पूर्ण जोर देते. पाय काढताच तीच मोटर गाडी मंदावून बॅटरी भरू लागते. ही दुहेरी ओढ मुख्यतः चालक चाकांवर पडते आणि ती लवकर झिजतात. तिसरे कारण शांतता. इंजिनाचा आवाज नसल्याने टायरचा आवाज अधिक जाणवतो. म्हणून काही टायरच्या आत फोमचा थर लावलेला असतो. त्याचे पंक्चर काढताना तो थर त्या जागी खरवडावा लागतो, हे आपल्या पंक्चरवाल्याला आधी सांगावे.

वीज आणि टायर यांचे नाते तसे जुनेच. ताशी शंभर किलोमीटरची मर्यादा ओलांडणारी पहिली मोटारगाडी विजेवर चालणारी होती. २९ एप्रिल १८९९ रोजी पॅरिसजवळ कामिय जेनात्झी यांनी ती हवेच्या टायरांवर पळविली. सव्वाशे वर्षांनंतर तोच संसार आपल्या दारी आला आहे.

टायर रस्त्यावर फिरताना दबतो, पुन्हा फुगतो आणि त्यात काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. याला लोळण-रोध म्हणू या. तो जितका कमी, तितकी गाडी एका प्रभारात लांब जाते. मात्र केवळ तोच कमी करण्याच्या नादात ओल्या रस्त्यावरील पकड ढिली होता कामा नये. केंद्र शासनाने जून २०२२ च्या अधिसूचनेने लोळण-रोध, ओल्या रस्त्यावरील पकड आणि आवाज या तिन्ही बाबींची मानके टायरांना लागू केली, ती याच समतोलासाठी. या मानकाचा क्रमांक एआयएस-१४२. त्याखेरीज मोटारींच्या टायरवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे.

मग करावयाचे काय? स्वस्त घेऊ नका, असे मी म्हणत नाही. सार्वजनिक पैसा जपलाच पाहिजे. पण न्यूनतम दर स्वीकारावयाचा असतो तो विनिर्देश पूर्ण करणाऱ्यांमधील. विनिर्देशच लिहिले नाहीत, तर दरांची तुलना ही ज्वारी आणि गव्हाची तुलना होते. म्हणून मागणीपत्रात पुढील बाबी नमूद कराव्यात : गाडीच्या पुस्तिकेत किंवा चालकाच्या दाराजवळील पट्टीवर दिलेला नेमका आकार, भारांक व वेगाचे अक्षर मूळ टायरएवढे किंवा अधिक, मूळ टायरवर जादा भाराचे ‘एक्सएल’ चिन्ह असल्यास तेही, आयएसआय चिन्ह, विजेच्या गाडीस योग्य असा कमी लोळण-रोध, आणि निर्मितीची तारीख. टायरच्या भिंतीवर चार अंक असतात. ‘२३२५’ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला टायर नवा नव्हे. माल स्वीकारताना हे अंक चालकासमक्ष वाचून नोंदवावेत.

खाचांची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर बाद समजावा. खाचांतील उंचवटे ती खूण दाखवितात. आपल्याकडे गळीत हंगामात उसाच्या गाड्यांमागे चिखल आणि पाचट रस्त्यावर पसरते, पावसाळ्यात पाणी साचते. म्हणून उंचवट्याची वाट न पाहता थोडे आधीच बदलणे शहाणपणाचे. दोनच टायर बदलावयाचे असतील तर जोडी एकाच नक्षीची घ्यावी आणि नवी जोडी मागे बसवावी. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. पुस्तिकेत सांगितलेल्या अंतरावर पुढची-मागची चाके अदलाबदल करावीत. गाडीच्या पोटाखाली बॅटरी असते, तेव्हा जॅक ठरवून दिलेल्या जागीच लावावा. काही गाड्यांत स्टेपनी नसते. २०२० च्या नियमबदलाने, हवेचा दाब दाखविणारी यंत्रणा व दुरुस्तीचा संच असल्यास तशी मुभा आहे. प्रवासाला निघण्यापूर्वी तो संच जागेवर आहे का, हे पाहावे.

शेवटची विनंती ग्रामपंचायतींना. जुने टायर जाळू नयेत. उघड्यावरही टाकू नयेत. त्यांत साचलेल्या पाण्यावर डेंग्यूचे डास वाढतात. ते अधिकृत पुनर्प्रक्रियेकडेच जावेत.

त्या कार्यालयाने पुढे काय केले, असे आपण विचाराल. योग्य टायर पुन्हा घ्यावे लागले. म्हणजे कमी दराची खरेदी अखेर महाग पडली. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. पण सुदैव हा काही खरेदीचा निकष नव्हे. रस्त्याला टेकणारी जागा एका चाकामागे तळहाताएवढीच असते आणि गाडीतील सारी माणसे त्या चार तळहातांवर विसंबून असतात. मागणीपत्रातील एक पूर्ण ओळ लिहावयास दोन मिनिटे लागतात. ती आपण लिहावी, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.