देवानं पांघरलेली वाकळ



बुराईकाठी, या शिंदखेड्यात आज सेवा आहे, तर एक कडू विषय काढतो. देवळात बाईनं काय नेसून यावं?

2023 च्या मे महिन्यात तुळजापूरला आई भवानीच्या देवळात फलक लागले, असभ्य कपड्यांत प्रवेश नाही म्हणून. ओरड झाली आणि फलक लगेच उतरलेसुद्धा. मग 2025 च्या जानेवारीत मुंबईच्या सिद्धिविनायकाच्या न्यासानं सांगितलं, तोकड्या, फाटक्या कपड्यांत दर्शन नाही. नियम बाप्या-बाई दोघांना आहे बरं. पण चावडीवर बोलणं निघतं ते लेकीसुनांचंच! तिकडं वेरूळला घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात पुरुषांनी सदरा काढूनच जायचं असतं. त्या उघड्या अंगाची चर्चा कुणी करत नाही.

आता मी काही नव्या मताचा माणूस नाही. लेकींनो, देवाकडं जाताना साधं, अंगभर नेसावं, हे मी सांगतो आणि सांगत राहीन. लग्नाला जाताना चार वेळा आरशात पाहता ना? पण सांगणं वेगळं, आणि दारातून माघारी लावणं वेगळं. हा फरक मला फार उशिरा कळला. कसा, ते ऐका.

याच तालुक्यातल्या एका गावी सप्ताह होता. मी जनाबाईचं चरित्र लावलं होतं. तुम्हाला ठाऊक आहे ते. पांडुरंग जनीच्या झोपडीत निजला, काकड्याची वेळ झाली तसा गडबडीत उठला, आपला शेला-पदक तिथंच विसरला आणि जनीची वाकळ पांघरून राउळात जाऊन उभा राहिला. वाकळ म्हणजे काय हो? ठिगळाला ठिगळ! पुजाऱ्यांनी दार उघडलं तर देवाच्या अंगावर ती चिंधी. आळ कुणावर? जनीवर. चोर म्हणून तिला सुळाकडं नेलं, आणि सुळाचं पाणी झालं.

मी हे रंगात येऊन सांगत होतो. तेवढ्यात मंडपात मागं एक पोरगी येऊन बसली. जीनची पँट, बिनबाह्यांचा झगा. माझी जीभ घसरली. म्हटलं, "आली बघा मुंबईची जनी, वाकळ घरी विसरून!" मंडप खदखदून हसला. मृदंगवाल्यानं वर थापही दिली. पोरगी उठून गेली. मला वाटलं, कीर्तन रंगलं.

काल्याच्या दिवशी पंगतीला भांडी घासणारी एक माउली दिसेना. सात दिवस तिनं उसंत घेतली नव्हती. चौकशी केली तर ती त्या पोरीची आई. मी तिच्या घरी गेलो. ओट्यावर बसली होती, नुकती शेतातून आलेली. लुगड्यावर नवऱ्याचा जुना सदरा, डोक्याला फडकं. कपाशीच्या बोंडांनी हात ओरबाडतात म्हणून आपल्याकडच्या बाया घालतातच तसा.

ती म्हणाली, "महाराज, मन्ही पोर गाडीवरथून सरळ तुमनं कीर्तन आयकाले वनती. घर बी नही गयी." मग स्वतःच्या अंगावरच्या सदऱ्याला हात लावून म्हणाली, "मी बी हाऊ घालस. मंग मी देऊयमा नको येऊ का?"

मायबाप, चाळीस वर्षं मी जनीची वाकळ सांगतोय. त्या दिवशी माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आळ घेणाऱ्यांच्या रांगेत मीच उभा होतो, तोही वीणेच्या पुढं!

मी तिच्या पायांना हात लावायला वाकलो. ती मागं सरकली. "तुम्ही महाराज शेतस," म्हणाली आणि चहा ठेवला.

त्या गावच्या मंडळींना मी एक मागणं घातलं. देवळाच्या दारात खुंटीला चार धुतलेल्या ओढण्या, दोन उपरणी टांगून ठेवा. ज्याला वाटेल तो घेईल, नाही घेतलं तरी आत येऊ द्या. त्यांनी ठेवलीत. परवा गेलो तेव्हा एक म्हातारा उपरण्यानं घाम पुसत होता. असू द्या, तेही चालतं.

माउली पुढच्या सप्ताहाला आली, पुन्हा भांड्यांनाच बसली. पोरगी मात्र माझ्या कीर्तनाला अजून आलेली नाही.

बोला, पुंडलिक वरदा हरी विठ्ठल!