क्षयाच्या जंतूची तटबंदी

चौमूंहून बोलतोय. इथे जुना गढ आहे. फौजेत आयुष्य गेलं, त्यामुळे तटबंदी दिसली की ती भेदायची कशी, हेच आधी मनात येतं. आज अशाच एका तटबंदीबद्दल बोलू.

जिवाणूची पेशी साधी असते. केंद्रक नाही, आत डीएनए, प्रथिनं बनवणारे रायबोसोम, भोवती पातळ पटल आणि बहुतेकांना बाहेरून भिंत. आपल्या पेशींना भिंत नसते. म्हणून पेनिसिलिन जिवाणूच्या भिंतीचं बांधकाम बिघडवतं, आपल्या पेशी मात्र सुटतात.

रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली दाखवलेल्या क्षयाच्या जंतूची भिंत मात्र मेणचट असते. मायकोलिक आम्लांच्या थरातून औषध सहज शिरत नाही. त्याला गिळणाऱ्या पांढऱ्या पेशीतही तो तग धरतो. वाढतोही सावकाश, दुप्पट व्हायला जवळपास २० तास. म्हणून नेहमीच्या क्षयाला सुरुवातीला चार औषधं आणि एकूण सहा महिने उपचार. आयसोनियाझिड तो थर बनू देत नाही, रिफॅम्पिसिन आतला कारभार थांबवतं.

दोन महिन्यांत खोकला थांबतो आणि माणूस गोळ्या सोडतो. उरलेले चिवट जंतू पुन्हा वाढतात, त्यांतून औषधाला न जुमानणारे निपजतात. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २०११च्या अखेरीस असे चार रुग्ण नोंदवले. तपासलेलं एकही औषध त्यांच्या जंतूंवर चालत नव्हतं.

तेव्हा खोकला दोन आठवडे टिकला, तर थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. आणि बरं वाटलं तरी डॉक्टर थांबवेपर्यंत गोळी चुकवू नका.