शहरात जाताना खिशाबरोबर फोनही सांभाळा
(छत्रपती संभाजीनगर जिल्हा बैठकीतील भाषण)



आपला बाप कापूस विकून निघाला की पैसे बंडीच्या आतल्या खिशात ठेवायचा. पाकीटमाराला निदान हात तरी घालावा लागे. आज पट्टीचे पैसे खात्यात आणि खाते फोनमध्ये. चोर बसस्थानकावर असेलच असे नाही.

"माझ्या खात्यात दोन-चार हजार, मला कोण लुटणार?" असे म्हणू नका. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवसांत पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. चोर बँकेच्या संगणकात शिरले, बनावट कार्डे केली, २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले. बँकेचे कुलूप तुटते, आपले तर दार सताड उघडे!

बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावा, असे मी गावोगाव सांगत फिरलो. मादीचा वास आला की नर पतंग आपणहून सापळ्यात येतो. फोनवर तेच चालले आहे. 'पीएम किसानचा हप्ता अडकला, ही फाइल उघडा.' नावापुढे एपीके लिहिलेली ती फाइल उघडून बसवली की ओटीपी चोराच्या हाती. हप्ता थेट खात्यात येतो, त्यासाठी कसलीही फाइल लागत नाही.

माझीच चूक सांगतो. गेल्या साली नातेवाइकाला दवाखान्यात घेऊन शहरात आलो. घाईत आधार आणि पासबुकाचे फोटो झेरॉक्सवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले, प्रती घेतल्या आणि निघालो. रात्री झोप येईना. सकाळी परत जाऊन समोर पुसून घेतले. माणूस भला निघाला. प्रत्येक वेळी निघेलच असे नाही.

म्हणून कोर्टाच्या तारखेला, मोंढ्यात, मोर्चाला मुंबईत, कुठेही जाल तेव्हा एवढे पाळा. चार्जर आपला न्या; केबलमधून नुसती वीज जात नाही, माहितीही जाते. फुकटच्या वायफायवर बँकेचा व्यवहार नको. आधार द्यायचे तर शेवटचे चार आकडे दिसणारी प्रत द्या. आधार क्रमांक आणि अंगठा एवढ्यावर खात्यातून पैसे निघू शकतात, ओटीपीही लागत नाही. म्हणून अंगठ्याला आधारच्या अ‍ॅपमधून कुलूप लावा, रेशनला लागेल तेव्हा उघडा. आणि पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की समजा, पैसे जाणार.

तरीही लुबाडले गेलात तर त्याच घटकेला १९३० ला फोन करा, मग बँकेत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. जितका उशीर, तितके पैसे पुढे सरकतात.

शेवटचे सांगतो. सावकाराची, बँकेची नोटीस आली की आपण लाजेने दार लावून घेतो. त्या लाजेने आपली किती घरे बसली, हे मराठवाड्याला सांगायला नको. इथे तसे करू नका. फसलेल्याने मान खाली घालू नये. बैठकीत उभे राहून सांगा. तुमच्या एका सांगण्याने दहा घरे वाचतील.