उभ्या गाडीची खडखड

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



प्रत्येकाने आपापल्या धंद्यातली एक उपयोगाची गोष्ट सांगायची, असं संयोजकांनी बजावलं आहे. आपल्या डॉक्टर मित्राने आत्ताच रक्तदाबावर सांगितलं. माझं कराडला गॅरेज आहे, तेव्हा मी इंजिनाच्या आवाजावर बोलतो. ‘सिग्नलला उभी राहिली की खडखडते, चालताना काही नाही,’ ही तक्रार घेऊन इथे बसलेल्यांपैकीही कितीतरी जण माझ्याकडे येऊन गेले आहेत.

उभ्या गाडीतच आवाज का येतो? आयडलला इंजिन मिनिटाला साधारण 700 ते 900 फेरे घेतं. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन वेळा इंधन पेटतं. 750 फेरे धरले तर सेकंदाला 25 धक्के झाले. सर, तुम्ही आम्हाला अनुनाद शिकवताना झोपाळ्याचं उदाहरण दिलं होतं. योग्य वेळी दिलेला छोटा धक्काही झोका मोठा करतो. गाडीखालच्या सैल पत्र्याची स्वतःची अशी एक लय असते. इंजिनाचे धक्के त्या लयीला जुळले की तो थरथरायला लागतो. जरा रेस दिली की धक्के जलद होतात, लय मोडते आणि पत्रा गप्प बसतो. तो सैल तसाच असतो, एवढं लक्षात ठेवा.

पण आयडलला आणखी एक गोष्ट घडते. ऑइलचा पंप इंजिनावरच चालतो, त्यामुळे फेरे कमी असताना ऑइलचा दाबही सर्वांत कमी असतो. म्हणजे पत्र्याचा फुकटचा आवाज आणि इंजिनाच्या आतला महागातला आवाज, दोन्ही ऐकू येण्याची वेळ एकच. सगळी गल्लत इथेच होते.

म्हणून माझ्याकडे क्रम ठरलेला आहे. सगळ्यात आधी ऑइल. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद, थोडा वेळ जाऊ द्यायचा आणि मग पट्टी काढून पातळी बघायची. ऑइलचा लाल दिवा लागत असेल तर पुढची कुठलीही तपासणी चालू इंजिनावर करायची नाही.

दुसरं, आवाज थंड गाडीत येतो की गरम? सकाळी स्टार्ट करताच दोन-तीन सेकंद खडखड होऊन थांबत असेल, तर टायमिंग चेन आणि तिचा टेन्शनर तपासावा लागतो. तिसरं, भार बदलून बघायचा. एसी बंद केल्यावर आवाज गेला तर कॉम्प्रेसर किंवा त्याचं ब्रॅकेट बघा. न्यूट्रलमध्ये क्लच दाबल्यावर गेला तर गिअरबॉक्सकडे वळा, आणि क्लच दाबल्यावरच आला तर क्लचच्या बेअरिंगकडे. आवाजाबरोबर स्टिअरिंग आणि सीटही थरथरत असेल तर इंजिनाचं माउंटिंग बसलेलं असू शकतं.

चौथं, आवाजाचा ताल. टॅपेट हलवणारा कॅमशाफ्ट इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो. त्यामुळे टॅपेटची टकटक हलकी आणि संथ असते. खालच्या बेअरिंगचा ठोका जड असतो आणि भार पडला की वाढतो. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावली की जागा कळते. मात्र फिरता पट्टा आणि पंख्यापासून बाही, ओढणी लांब ठेवा. आणि बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून हे करू नका. धुराला वास नसला तरी त्यातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो.

हा क्रम का पाळायचा, त्याची दोन उदाहरणं देतो. कुंभार्ली घाटातून चिपळूणला प्रवासी नेणारा एक गाडीवाला आला. दुसऱ्या एका गॅरेजमध्ये त्याला चेन गेली, इंजिन उघडावं लागेल, तीस हजार खर्च, असं सांगितलं होतं. गाडीचे हप्ते चालूच होते आणि आता बायकोचे दागिने गहाण टाकायचं घरात ठरलं होतं. ऑइल ठीक होतं. थंड-गरम, एसी, क्लच, कशानेच फरक पडेना. रेस दिली की आवाज बंद. सायलेन्सरवरचा उष्णता अडवणारा पत्रा लाकडी पट्टीने दाबून धरला आणि खडखड थांबली. बोल्टचं भोक गंजून मोठं झालं होतं. सायलेन्सर गार होऊ दिला, स्टीलचा क्लॅम्प आवळला. खर्च दोनशेच्या आत. दागिने घरातच राहिले.

दुसरं उदाहरण उलट आहे. आपल्याच बॅचच्या एका मैत्रिणीचा फोन आला. तशीच खडखड, आणि शेजारी म्हणाले, ‘पत्रा असेल, चालवा.’ मी विचारलं, लाल दिवा? ती म्हणाली, उभी असताना लुकलुकतो. मी म्हटलं, चावी काढ, गाडी ओढून आण. गतिरोधकावर आपटून खालचा संप चिरला होता आणि ऑइल पट्टीला लागतही नव्हतं. संप बदलला, ऑइल भरलं, आवाज गेला. ती तशीच पुण्याला निघाली असती तर इंजिन वाटेत जाम झालं असतं.

आवाज ऐकून दोन्ही गाड्यांचं निदान झालं नसतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय फरक पडतो ते पाहायचं, यावरच निदान झालं. प्रयोगशाळेत बाई हेच सांगायच्या. दोष सापडेपर्यंत पाना उचलायचा नाही, हा आमच्या गॅरेजचा नियम त्याच तासाचा आहे. त्याबद्दल आज गुरुजनांचे जाहीर आभार मानतो.

तुम्हाला एकच विनंती. मेकॅनिककडे गेलात की ‘आवाज येतो’ एवढ्यावर थांबू नका. थंड की गरम, एसी चालू की बंद, रेस दिल्यावर काय होतं, दिवा लागतो का, हे चार शब्द सांगा, आणि मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून न्या. तो इंजिन उघडायचं म्हणाला तर शांतपणे विचारा, ‘आवाज नेमका कुठून येतोय, ते आधी दाखवता का?’ दाखवू शकला तर तो चांगला कारागीर आहे, त्याला धरून ठेवा.