शिक्षकाने रचलेले आकडे



संख्याशास्त्र म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांना शाळेतली सरासरी आठवते. आज मी शिकवणाऱ्याची अडचण सांगणार आहे. त्याने उदाहरणासाठी आकडे आणावेत कोठून? व्यवहारातले आणले, तर त्यांच्या पसाऱ्यात विद्यार्थी मूळ मुद्दाच हरवून बसतो. मनाने रचले, तर ते इतके गोजिरे निघतात की शिकण्यासारखे काही उरत नाही.

फ्रान्सिस अँस्कोम या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ साली यातून नामी वाट काढली. त्याने अकरा-अकरा बिंदूंचे चार संच रचले. चारही संचांत एका राशीची सरासरी ९, दुसरीची ७.५, सहसंबंध गुणांक सुमारे ०.८२, आणि बिंदूंमधून जाणारी सरळ रेघही तीच. गणितात चौघे जुळे भाऊ! पण आलेख काढा. एकात ठिपके रेघेभोवती विखुरलेले, दुसऱ्यात कमानीसारखे वळलेले. तिसऱ्यात एक चुकार ठिपका रेघ आपल्याकडे ओढतो. चौथ्यात दहा ठिपके एका उभ्या ओळीत आणि अकरावा एकटाच दूर. तो काढून घेतला, तर ती रेघच उभी राहत नाही.

आता संगणकाने हे काम सोपे केले आहे. रॉबर्ट ग्रँट यांनी शिक्षकांसाठी 'ड्रॉ माय डेटा' नावाचे साधन केले. पडद्यावर ठिपके मांडीत जावे, आणि त्यांचे आकडे उतरवून घ्यावेत. अल्बर्टो कैरो यांनी २०१६ साली त्यातून चक्क डायनोसॉर काढला! पुढल्याच वर्षी जस्टिन मटेका आणि जॉर्ज फिट्झमॉरिस यांनी त्या प्राण्याचे १४२ ठिपके संगणकाकडून हळूहळू सरकवून घेतले. दर वेळी एक ठिपका किंचित हलवायचा. सरासरी, विचलन, सहसंबंध हे दोन दशांशांपर्यंत जसेच्या तसे राहिले तरच ती हालचाल मान्य करायची. असे करता करता डायनोसॉरचा तारा झाला, वर्तुळ झाले, आणि आकडेमोडीला पत्ताही लागला नाही.

अशी साधने मी वर्गात अवश्य वापरावीत असे म्हणेन. मात्र हे आकडे रचलेले आहेत, असे मुलांना स्पष्ट सांगावे. रचलेल्या आकड्यामागे मोजणारा माणूस नसतो, फूटपट्टी नसते, चूकही नसते. म्हणून जोडीला वर्गातल्या मुलांच्या उंच्या त्यांच्याकडूनच मोजवून घ्याव्यात. सेंटिमीटरच्या रकान्यात १४८, १५२, १५० यांच्यामध्ये कोणीतरी नुसते ५ लिहिलेले सापडेल. ते फूट आहेत, हे मुलांनाच ओळखू द्यावे.