द्रौपदीने न उच्चारलेली दोन वाक्ये



आपल्या बेगम बाजारात मराठी, तेलुगू, मारवाडी आणि दख्खनी या भाषा एकदमच कानांवर पडतात. त्यामुळे महाभारतही आपण एकाच तोंडून ऐकत नाही. 'मायाबाजार' हा तेलुगू चित्रपट 1957 साली निघाला. त्यातील शशिरेखा, म्हणजे मराठीतील वत्सला, व्यासांच्या ग्रंथात नाही; ती लोककथेची लेक. त्यात कृष्ण झालेले एन. टी. रामाराव तर लोकांना साक्षात कृष्णच वाटू लागले, आणि 1983 साली ते आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री झाले. लोकांचे प्रेम वीरांना असे नवे रूप देते. यात वाईट काही नाही.

मात्र या प्रेमाची किंमत कधीकधी दुसऱ्याच पात्राला मोजावी लागते. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'ने (1967) आणि रणजित देसाईंच्या 'राधेय'ने (1973) कर्ण घरोघरी लाडका झाला. कर्णावर अन्याय झाला म्हटले की तो करणारे कोणीतरी हवे. मग बोट द्रौपदीकडे वळते. 'सूतपुत्राला वरणार नाही' हे स्वयंवरातले वाक्य आपण तिचेच समजतो. मयसभेतले 'आंधळ्याचा मुलगा आंधळा' हेही तिच्याच नावावर. आणि घरात मुलगी मोठ्याने हसली की म्हणतात, 'द्रौपदी हसली नि महाभारत घडले!'

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 ते 1966 या काळात शेकडो हस्तलिखिते ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिच्या मुख्य संहितेत ही दोन्ही वाक्ये नाहीत. मयसभेत दुर्योधनाला हसले ते भीमादी पांडव. द्रौपदीही हसली, असे पुढे दुर्योधन बापाला सांगतो, इतकेच.

आम्ही मुसलमान, आम्ही यात का बोलावे, असे कोणी विचारील. अकबराने महाभारताचे फारसी भाषांतर 'रज्मनामा' करवून घेतले. 1988 साली दूरदर्शनवर सुरू झालेल्या 'महाभारत' मालिकेचे संवाद राही मासूम रझा यांनी लिहिले. कथा ऐकणाऱ्या सर्वांची असते, म्हणून तिची जबाबदारीही सर्वांची.

कर्णावर खुशाल प्रेम करावे. पण बाजारात भांडे आपण वाजवून घेतो. तसेच एखाद्या लेकीच्या माथी दोष मारण्यापूर्वी ते वाक्यही वाजवून पाहावे.