टाकीखाली सापडलेली वाट

कलेकडील ओढ आधी मनात ठरते आणि हात मागाहून कामाला लागतात, ही रूढ समजूत शिल्पकलेपुरती तरी अपुरी आहे, हे कॉन्स्टंटिन ब्रांकुशीच्या उदाहरणावरून दिसते. रुमानियातील होबित्सा या खेड्यात १८७६ साली जन्मलेला हा शिल्पकार क्रायोवा व बुखारेस्ट येथे रीतसर शिकून १९०४ मध्ये पॅरिसला पोहोचला, तेव्हा मातीकामात त्याचा हात तयार झालेला होता. १९०७ मध्ये तो ख्यातनाम शिल्पकार रोदँच्या कार्यशाळेत दाखल झाला. तेथे रोदँ मूर्ती मातीत घडवी आणि मदतनीस कारागीर मापयंत्राने, म्हणजे नमुन्यावरील एकेका बिंदूची खोली मोजून ती दगडावर नोंदवीत, संगमरवरात उतरवीत. ब्रांकुशीने एक-दोन महिन्यांतच ती जागा सोडली आणि दगडाला स्वतः टाकी लावली. थेट दगडातच आकार शोधण्याच्या या रीतीस प्रत्यक्ष कोरीवकाम म्हणतात. १९०७-०८ मधील ‘चुंबन’ हे सुमारे २८ सेंटिमीटर उंचीचे शिल्प त्यातूनच आले, आणि त्यातील दोन देह परस्परांना बिलगलेले असूनही मूळ ठोकळ्याचा ठोकळेपणा कोठे मोडलेला नाही.

जात्याला टाकी देणारी बाई ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे फोडून सांगावे लागू नये. तळीवर तळवा फिरवून गुळगुळीत झालेली जागा ती हेरते, घाव कसा वाजतो ते ऐकते, आणि पुढचा घाव कोठे घालावा हे मागचा घावच तिला सांगतो. तो उथळ पडला तर दाणा नुसता भरडला जातो, खोल पडला तर भाकरी दाताखाली कचकचते. ब्रांकुशीला वाट सापडली ती अशी, घावामागून घाव घालताना. हे पुन्हा सांगणे अवश्य आहे, कारण ऐकताना नेमके हेच निसटते: वाट पुरती दिसल्यावर टाकी हाती आली नाही, टाकी चालू लागल्यावर वाट दिसू लागली. मुलांच्या हाती दगड व टाकी कधीच द्यावयाची नाही आणि त्यांचा कल कळत नाही म्हणून चिंता करावयाची, हे पालकांना शोभत नाही.

जात्याला एकदा टाकी देऊन भागत नाही, ते झिजते आणि पुन्हा टाकी द्यावी लागते. ब्रांकुशीही ‘चुंबना’तील त्याच जोडीकडे पुनःपुन्हा वळला, आणि १९३८ मध्ये तिर्गु जिऊ येथे पूर्ण झालेल्या दगडी ‘चुंबनद्वारा’च्या खांबांवर तिचे उरले ते मधोमध दुभागलेले एक वर्तुळ.